सात बाहुल्यांचा बाप

अख्ख्या भिवंडी तालुक्यात माझ्यापेक्षा हट्टी माणूस एकच, आणि ते माझ्याच वाट्याला विहीण म्हणून आलं. तिसरीतून शाळा सोडली, पुढचा सगळा जन्म लूमवर जॉबर म्हणून, म्हणजे माग दुरुस्त करण्यात काढला. बिघडलेला माग नुसत्या आवाजावरून ओळखायचो, आणि शेठ चुकला तर शेठच्या तोंडावर सांगायचो. पण विहीणबाईंपुढं एकदाही जिंकलो नाही.

विहीणबाई धवलारीण आहेत. आमच्याकडच्या लग्नात भटजी येऊन जातो, पण मांडव घातल्यापासून नवरी निघेपर्यंत राज्य धवलारणीचं. देव बोलवायला गाणं, हळदीला गाणं, पाठवणीला गाणं. त्याला धवला म्हणतात आणि तो झाल्याशिवाय मांडवातलं पानसुद्धा हलत नाही. लिहिलेलं कुठं काही नाही. सगळं त्यांच्या सासूच्या डोक्यातून त्यांच्या डोक्यात आलेलं. माझी मुलगी त्यांच्या घरी दिली तेव्हा नवऱ्याची आई त्याच, आणि आमच्या मांडवातही धवला म्हणायला त्याच आल्या, कारण दुसऱ्या बाईवर विश्वास नाही. मांडवाला उंबराची फांदी लागते. मी आणली. त्यांनी ती वरून खाली पाहिली आणि सगळ्या भावकीसमोर विचारलं, "व्याही, ही फांदी हाय का दातवण?" दोनदा परत पाठवलं मला. मुलीचा बाप मी, डोक्याला फेटा, आणि झाडावर चढलेला.

आता हळदीला सगळीकडे डीजे असतो. शेलार गावात एका हळदीत यांचा धवला अर्धा झालेला असताना पोरांनी डीजे सुरू केला. विहीणबाई भांडल्या नाहीत. उठल्या आणि सरळ जाऊन डीजेच्या खोक्यावर मांडी घालून बसल्या. डीजेवरच्या पोरानं आवाज आणखी वाढवला. बाई हलेनात, नुसता पदर थरथरत होता. शेवटी पोराच्या आजीनंच येऊन वायर उपटली. विहीणबाईंनी धवला जिथं तुटला होता तिथूनच पुढं धरला, एक शब्द मागं नाही की पुढं नाही.

आणि एवढा गळा असून लग्नाच्या बाहेर एक ओळ म्हणायच्या नाहीत. नातीच्या बारशाला मी हात जोडून म्हणालो, दोन ओळी होऊ द्या. त्यांनी वर छपराकडे पाहिलं आणि विचारलं, मांडव कुठाय? मांडवाशिवाय देव बोलवायचे आणि बसवायचे कुठं, हा त्यांचा सवाल.

तर अशा बाईंना शाळेत आणायचं मी कबूल करून बसलो. झालं असं की आमच्या गावच्या शाळेत गाणं शिकवायला एक तरुण बाई यायच्या. तासावर नेमलेल्या, आणि मार्चनंतर त्यांना ठेवायला शाळेकडे पैसे नव्हते. पोरांना त्यांचा फार लळा. लूमवरच्या कामगारांची जी पोरं वर्गात तोंड उघडत नाहीत, ती गाण्याच्या तासाला पहिल्या रांगेत. एक संस्था कला शिकवणाऱ्या शाळांना पुरस्कार देते, तो मिळाला तर बाईंचा तीन वर्षांचा पगार सुटणार होता आणि एका मुलाला पुढं शिकायला शिष्यवृत्ती. अट एकच, पोरांनी आपल्या भागातली कला शिकून दाखवायची. बाई पालकांच्या सभेत हे सांगत होत्या. मी उभा राहिलो आणि म्हणालो, काळजी नको, धवला शिकवायला माझी विहीण येईल. विहिणीला विचारलं नव्हतं. सभेत टाळ्या पडल्या, आणि टाळ्या पडल्यावर मी शब्द मागं घेत नाही.

विहीणबाई म्हणाल्या, "शाळेत लगीन हाय का कुनाचा?" मी म्हणालो, नाही. त्या म्हणाल्या, मंग झाला. तीन दिवस मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. मुलगी चहा आणून देई आणि तोंड फिरवून हसे. तिसऱ्या दिवशी ओट्यावर माझी नात बाहुला-बाहुलीचं लग्न लावत होती, ते पाहून मला सुचलं की लग्नच पाहिजे ना, मग हेही लग्नच. विहीणबाई सांगतात, ही कल्पना त्यांची. लिहितोय मी, तेव्हा माझी.

पण बाहुलीचं झालं तरी लग्न ते लग्न. दर शनिवारी शाळेच्या पटांगणात मांडव, आणि एकदा लग्न लागलेली बाहुली पुन्हा उभी करायची नाही. म्हणजे दर शनिवारी नवी जोडी. लूमवरून मी कापडाचे तुकडे आणायचो, गाण्याच्या बाई रात्री बाहुल्या शिवायच्या. निजामपुऱ्यातल्या बांगडीवाल्याकडे विहीणबाई स्वतः गेल्या आणि म्हणाल्या, "चाचा, नवरी छोटी हाय, बोटात जायेगी अशी चुडी दो." नवरीचा बाप प्रत्येक वेळी मी. मला मुलगी एकच, विहीणबाईंनी आणखी सात दिल्या. दर शनिवारी उंबर आणायचा मी, आणि पहिली फांदी परत पाठवायच्या त्या. सातव्या आठवड्यापर्यंत गावाबाहेरचा उंबर एका बाजूनं बोडका झाला.

पोरं मात्र शिकली. सगळ्यात आधी शिकली चंदा. तिचे वडील युपीचे, लूमवर रात्रपाळीला. ती धवला म्हणायची आमच्या बोलीत, आणि थांबली की विचारायची हिंदीत. विहीणबाई तिला पुढं बसवत. मला एकदा हळूच म्हणाल्या, बोली येगली हाय पोरीची, पन मांडव कलतो तिला. मांडव कळतो हे वाक्य त्यांनी पोटच्या मुलींबद्दल कधी उच्चारलेलं नाही.

सातव्या शनिवारी परीक्षक आले, एक सर आणि एक मॅडम. येतायेताच सर म्हणाले, आमच्याकडे वीस मिनिटं आहेत. विहीणबाईंनी त्यांना फाटकातच अडवलं. ते नवऱ्याकडचे ठरले होते, पाय धुतल्याशिवाय मांडवात कसे येतील? सरांनी घड्याळ दाखवलं. "लगीन हाय साहेब, टीव्ही न्हाय," विहीणबाई म्हणाल्या आणि त्यांच्या बुटांकडे बोट केलं. सरांनी बूट काढले. मी दोघांचे पाय धुतले. तेवढ्यात विहीणबाईंनी माझी फांदी परत पाठवली, परीक्षकांच्या देखत.

धवला सुरू झाला. देव आले, हळद लागली, सगळं ठीक. पण पोरांच्या आवाजावर विहीणबाईंचा आवाज चढलेला. मॅडम पुढं झुकल्या आणि नम्रपणे म्हणाल्या, "आजी, पुरस्कार मुलांसाठी आहे. आता त्यांना एकट्यांना म्हणू द्या."

मी मान खाली घातली. डीजेला न हललेली ही बाई, हिला अर्ध्या धवल्यात गप्प बसा म्हणणारा कोण? आता ही उठणार, मांडव मोडणार आणि गाण्याच्या बाई मार्चला घरी जाणार. विहीणबाई मॅडमकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पदराचा बोळा केला, तोंडावर धरला आणि मांडवाच्या खांबाकडे तोंड फिरवलं. पोरं बावचळली. आणि चंदानं धरलं, जिथं तुटलं होतं तिथूनच, एक शब्द मागं नाही की पुढं नाही. तिच्यामागं सगळी पोरं. पाठवणीपर्यंत अशी गेली की दारात थांबलेल्या रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं. वीस मिनिटांचे सर जेवून, दोनदा भात घेऊन, दुपारी उठले. निघताना विहीणबाईंनी बाहुली मॅडमच्या ओटीत घातली, कारण नवरी सासरी गेलीच पाहिजे. स्वतःच्या मुलीच्या पाठवणीला मी रडलो नव्हतो. त्या चिंधीच्या पोरीसाठी रडलो. विहीणबाईंनी ते पाहिलं आणि आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

पुरस्कार आम्हालाच मिळाला. गाण्याच्या बाई तीन वर्षं राहिल्या, शिष्यवृत्ती चंदाला. पुरस्काराची चिठ्ठी शाळेत वाचून दाखवली तेव्हा पहिला फेटा मला बांधला. तो मी घरी येईपर्यंत काढला नाही, आणि मुद्दाम बाजारातून लांबच्या वाटेनं आलो.

परवा गावात खरं लग्न होतं. धवल्याला चंदा आणि शाळेच्या पोरी. विहीणबाईंना यजमानांनी पहिल्या पंगतीला बसवलं. वाढायला मी होतो. त्यांनी पहिला घास घेतला आणि नवलानं माझ्याकडे पाहिलं.

"व्याही, भात गरम हाय."

"गरमच असतो," मी म्हणालो.

"मला काय म्हाईत? धवला संपल्याबिगर कदी जेवले मी?"

तेवढ्यात मांडवात पोरींनी पाठवणीचा धवला धरला. विहीणबाईंचा हात पानावरच थांबला. ओठ हलत होते, आवाज नव्हता. एका जागी चंदा जरा घाईनं गेली, तेव्हा त्यांची भुवई उडाली आणि खाली आली. मी वरणाचं पातेलं धरून उभा राहिलो. मागून लोक वरण मागत होते. धवला लांब असतो पाठवणीचा. भात शेवटी त्यांनी निवलेलाच खाल्ला.