शांताबाईंच्या मापाचं बाथरूम

"घरात संडास? जेथं देवघर, जेथं सैपाकघर, तेथं? नाही जमत बाई." असं म्हणून भाऊसाहेबांनी माझं ड्रॉइंग गुंडाळलं आणि माझ्या हातात परत दिलं.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. भंडाऱ्यातल्या एका छोट्या इंजिनीअरिंग ऑफिसात मी ड्राफ्ट्समन होते. बाई असले तरी पद 'ड्राफ्ट्समन'च. आमची बहुतेक कामं तुमसरच्या राइस मिलांची. शेड, गोडाऊन, मशीनचं फाउंडेशन. भाऊसाहेबांच्या मिलचं काम आम्हीच केलेलं, त्या ओळखीनं त्यांनी घरचं काम दिलं.

तुमसरजवळच्या गावात त्यांचं मालगुजारीच्या, म्हणजे जमीनदारीच्या काळातलं घर होतं. दगडी जोतं, कोरीव सागवानी खांब, हातभर जाडीच्या मातीच्या भिंती. दरवर्षी कौलं फेरून नीट बसवली जायची, खांबांना तेल दिलं जायचं. घर खणखणीत होतं. ऑर्डर एवढीच होती की पाहुण्यांसाठी एक कमोडवालं बाथरूम काढायचं, अंगणापलीकडे, गोठ्याच्या मागं, जुन्या संडासाशेजारी. मी मात्र ते पाहुण्यांच्या खोलीला लागून असलेल्या धानाच्या कोठीत, म्हणजे साठवणीच्या रिकाम्या खोलीत काढून नेलं होतं. कमोड पाहिजे म्हणजे कोणाला तरी खाली बसता येत नसणार. मग त्याला एवढं अंगण तुडवायला लावायचं कशाला?

ड्रॉइंग परत घेताना मी विचारलं, "भाऊसाहेब, पाहुणे म्हणजे नेमकं कोण?"

"माही बहीण, शांता. नागपूरले राहते. मांडीचं हाड मोडलं तिचं, तवापासून खाली बसणं बंद. इकडं येतच नाही. बोलावलं का म्हणते, पुढच्या वर्षी."

ऑफिसात साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मालक बाहेर म्हणतो ना? मग बाहेर काढ आणि मोकळी हो. आपण काय त्याच्या घरचे आहोत?"

"एकदा त्यांच्या बहिणीला भेटते. मग तुम्ही म्हणाल तसं."

"एका बाथरूमसाठी नागपूरला जाणार?"

"माझ्या सुट्टीत जाते, साहेब."

ते हसले. मी रविवारी एसटीनं गेले.

शांताबाई साठीच्या, एका हातात काठी. मी टेप काढला तेव्हा त्या आधी लाजल्या. मग सगळं दाखवलं. कुठल्या खुर्चीवरून सहज उठता येतं, उठताना कोणता हात टेकतो, वळायला काठीसकट किती जागा लागते. असलं काही पुरुष इंजिनीअरला त्यांनी सांगितलं नसतं, आणि त्यानं विचारलंही नसतं.

"शेवटच्या वेळी माहेरी गेली होती ना," त्या हळूच म्हणाल्या, "तर दिवसभर पाणीच नाही पेली. गोठ्यापल्याड घडीघडी जा लागते, अन् दरवेळी कोणाले हाक मारू? चक्कर येऊन पडली. भाऊ म्हणे, ऊन लागलं."

"हे त्यांना सांगू का?"

त्यांनी काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाल्या, "सांगा. मले तर सांगवत नाही."

दुसऱ्या खेपेला मी भाऊसाहेबांपुढे ड्रॉइंग उघडलंच नाही. आधी ही हकीकत सांगितली. ते ओसरीवर बसले होते.

"ऊन नव्हतं लागलं मंग," ते म्हणाले.

"नाही."

"मले काहून नाही सांगितलं तिनं?"

ते उठले, ओसरीच्या खांबावर हात ठेवला. "वास आला तर? भिंत ओली झाली तर? बापजाद्याचं घर आहे बाई हे. एकही खांब कापू देणार नाही."

आता बोलणं माझ्या कामावर आलं होतं. मी ड्रॉइंग उघडलं.

मातीच्या भिंतीला पाणी लागलं की ती आतून बसते. म्हणून कोठीच्या आत विटांची वेगळी भिंत घालायची, जुन्या भिंतीपासून चार बोटं सोडून. नळ, पाइप सगळे नव्या भिंतीवर. जशी पेटीत पेटी. उद्या नको झालं तर आतली काढून टाका, घर होतं तसंच. कोठीचा दरवाजा अरुंद आणि उंबरठा उंच. तो तसाच ठेवायचा. पाहुण्यांच्या खोलीतून कोठीत उघडणारी एक खिडकी होती. तिच्या खालची भिंत जमिनीपर्यंत काढली की तिचाच दरवाजा होतो. वरचं लाकूड जागेवर राहतं आणि ओलांडायला उंबरठाही नाही.

"वासाचं?"

"पाइप कौलांच्या वर नेऊ. हवा वरून जाईल."

"करा," ते म्हणाले. "पण मी रोज येऊन पाहीन."

खरंच रोज आले. काम अडलं ते जोत्याशी. नेहमीच्या कमोडचा पाइप खाली जमिनीत उतरतो. म्हणजे जोत्याचा दगड फोडणं आलं. मिस्त्री घण घेऊन तयार होता. मी त्याला थांबवलं. घणाचा हादरा वरच्या मातीच्या भिंतीला सोसला नसता.

"मंग जमीन फूटभर उचला, मॅडम," मिस्त्री म्हणाला. "पाइप दगडावरून जाईन."

"आणि शांताबाई पायरी कशी चढतील?"

"मंग कसं करता?"

पी-ट्रॅपचा कमोड असतो, त्याचा पाइप खाली न जाता मागच्या बाजूनं आडवा निघतो. भंडाऱ्यात तो मिळाला नाही, तुमसरलाही नाही. साहेब म्हणाले, "आता बस कर." मी नागपूरची दुकानं पालथी घातली. एका गोडाऊनच्या कोपऱ्यात, पेंढ्यात गुंडाळलेला एक सापडला. मिलच्या जीपमध्ये तो मी मांडीवर धरून आणला. पाइप दगडाच्या वरून, मातीच्या भिंतीतल्या एका भोकातून बाहेर गेला आणि विहिरीपासून लांब, घराच्या दुसऱ्या अंगाला खोदलेल्या सेप्टिक टँकमध्ये उतरला. धरायचा दांडा बाजारात नव्हताच. तो राइस मिलच्या फिटरनं जीआयचा लोखंडी पाइप वाकवून करून दिला. भिंतीत पक्का झाल्यावर भाऊसाहेबांनी स्वतः त्याला लोंबकळून पाहिलं. मिस्त्री पाठ फिरवून हसला.

शांताबाई दिवाळीला आल्या. भाऊबीज करून परत जायचं ठरलं होतं, पण संक्रांत माहेरीच झाली. मी भेटायला गेले तेव्हा त्या ओसरीवर वहिनीशी भांडत होत्या, चिवड्यात मीठ किती यावरून. मला पाहून नुसतं हसल्या आणि पुन्हा भांडायला लागल्या.

पुढं भाऊसाहेबांचे गुडघे गेले. तेही तेच बाथरूम वापरू लागले. बाहेरचा संडास पाडून टाकला. घरात संडास नको, असं आपण म्हटलं होतं हे त्यांना शेवटपर्यंत आठवलं नाही. मीही आठवण दिली नाही.

त्यानंतर गावातून आणि लाखनीकडच्या गावांतूनही तसलीच कामं येत गेली. दरवेळी घरचा कर्ता पुरुष मला जागा दाखवायचा. मी जागा पाहायचे, आणि मग म्हणायचे, वापरणार कोण, त्यांना बोलवा. ड्रॉइंगवर सही मालकाची चालते. माप मात्र वापरणाऱ्याचंच घ्यावं लागतं.