मधल्या भाषेचं पुस्तक

माझी सून घरी बसून पुण्याच्या एका कंपनीची नोकरी करते, हे वलगावात सगळ्यांना ठाऊक होतं. नोकरीत ती नेमकं काय करते हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि विचारायला सगळे माझ्याकडे यायचे. मी चौथीपर्यंत शिकलेली. पण दिवसभर सुनेसोबत घरी असते, म्हणजे मला माहीत असणारच, असा लोकांचा हिशेब.

एकदा शेजारच्या काकू पूजेसाठी शेवंती मागायला आल्या. आमचा फुलांचा मळा आहे, त्यामुळे देव कुणाच्याही घरचा असो, फुलं आमच्याकडून जातात.

"तुही सून काय करते वं?"

"कम्प्युटरचं."

"म्हंजे सातबारा काढून देते?"

"नाही."

"मंग आधार कार्डाचं?"

"नाही, ते बी नाही."

"तर मंग कायचं कम्प्युटर?" असं म्हणून त्यांनी ओंजळभर फुलं पदरात घेतली. सुनेबद्दल त्यांचं काय मत झालं ते मला जाताना त्यांच्या पाठीवरून कळलं.

मग मी तिलाच विचारलं. दुपारी मी ओसरीवर हार ओवत बसते. तिथं नेटवर्क चांगलं येतं, म्हणून तीही लॅपटॉप घेऊन तिथंच बसायची. तिनं सांगितलं ते मला कळलं तसं लिहिते. माणसं एका भाषेत कम्प्युटरला काम सांगतात. कम्प्युटरला समजते वेगळीच भाषा. दोघांच्या मध्ये कम्पायलर नावाचा दुभाषी असतो. तो ऐकलं की लगेच पुढं सांगत नाही. आधी सगळं आपल्या मनातल्या भाषेत मांडून घेतो. त्या भाषेत नुसते लहान लहान हुकूम असतात. हे उचल, ते तिथं ठेव, दोन्ही मिळव, नाही जमलं तर तिकडं जा. या मधल्या भाषेचं एक पुस्तक आहे, कागदाचं नाही, कम्प्युटरमधलंच. ते फार जुनं झालं आहे, आणि ते नीट करायचं काम हिच्याकडे आहे.

"ते भाषा बोलते कोण?" मी विचारलं.

"कोणीच नाही, आई. कम्पायलर आपल्याच मनाशी बोलते."

"मंग तिचं पुस्तक कायले पाह्यजे?"

"कम्पायलर दुरुस्त करणाऱ्याले लागते ना. त्याच्या मनात काय चालून राहिलं ते कळल्याशिवाय हात कसा घालाव?"

हे मला पटलं. माझ्या नवऱ्याच्या मनात काय चालतं याचं असं पुस्तक कुणी लिहिलं असतं, तर ते जुनं निघालं असतं तरी मी वाचलं असतं.

हे काम तिनं मागून घेतलं नव्हतं. तिला खुद्द कम्पायलरवर काम करायचं होतं. ते करणारा एक गट आहे कंपनीत. पहिले सहा महिने परीक्षेचे, नंतर त्या गटात घेतील किंवा घरी पाठवतील, असं ठरलेलं. ती कामाला लागली ती पुस्तक वाचून. पुस्तकात लिहिलं होतं की 'ठेव' या हुकुमात आधी वस्तू सांगायची, मग जागा. तिनं तसंच केलं, आणि जवळजवळ आठवडाभर तिचं काहीच चालेना. शेवटी कळलं की कम्पायलरमध्ये हे कधीचंच उलटं झालं आहे. आता आधी जागा, मग वस्तू. पुस्तकाला कुणी सांगितलंच नव्हतं.

तिनं मीटिंगमध्ये, अगदी हळू आवाजात, पुस्तक जुनं झालं आहे असं सांगितलं. कुणालाही आश्चर्य वाटलं नाही. सगळ्यांना आधीच माहीत होतं. त्यांचे गटप्रमुख म्हणाले, "छान निरीक्षण आहे तुमचं. मग तुम्हीच अपडेट करून टाका ना." भंडाऱ्यात वरणाला मीठ कमी आहे म्हणणाऱ्याच्या हातातच पळी देतात, तशी ही गोष्ट झाली.

वाईट याचं की पुस्तकाचं काम त्या परीक्षेत धरत नाहीत. कम्पायलरमध्ये काय बदललं, काय नवीन घातलं, तेवढंच मोजतात. माझा मुलगा नांदगाव पेठेला कापडाच्या मिलमध्ये आहे. तो पाळीवर जाताना तिला म्हणायचा, "लवकर उरक ते, अन् खऱ्या कामाले लाग." माझा नवरा तिच्यासमोर काही बोलायचा नाही. मला ऐकवायचा, पण ती ऐकेल अशा आवाजात. "चार वर्स इंजिनिअरिंग शिकली, अन् आता जुन्या पुस्तकाले ठिगळं लावून राहिली."

ती लिहीत राहिली. एखादं पान झालं की मला मराठीत सांगायची. बोलून पाहिलं की चूक सापडते, असं तिचं म्हणणं.

"पण मले त्यातलं काय समजते?"

"समजायची गरजच नाही. तुमी नुसतं हूं म्हणा."

हे मला चांगलं जमतं. मी आयुष्यभर तेच केलं आहे, फक्त ते कामात धरलं गेलं ते पहिल्यांदाच. ती म्हणायची, "हा हुकूम दोन किमती घेते अन् एक परत देते." मी हूं म्हणायचे. "अन् परत दिलेली किंमत पहिल्याच जागी..." इथं ती थांबायची. "नाही, हे चुकलं."

"माह्यं काही चुकलं का?"

"तुमचं नाही, आई. तुमी बरोबर म्हणून राहिल्या."

पुढं जठारपेठेत तिच्या भावाच्या मुलीचं बारसं निघालं. अकोल्याला तिचं माहेर. मी सहसा कुठं जात नाही, पण विहीणबाईंचा फोन आला तेव्हा नाही म्हणायला जास्त बोलावं लागलं असतं, म्हणून गेले. तिथं बायकांच्या घोळक्यात विहीणबाई सांगत होत्या, "आमची पोरगी कम्प्युटरची भाषा बनवते."

"इंग्रजी?" एका बाईनं विचारलं.

"इंग्रजी कायची! त्याच्या आतली." आणि साक्षीदार म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "इच्यारा यायले."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. चार माणसं बघायला लागली की माझ्या तोंडून खरं तेच निघतं, कारण दुसरं काही सुचत नाही. मी म्हणाले, "बनवत नाही. जुनं झालं होतं, ते दुरुस्त करून राहिली."

विहीणबाईंनी माझ्या ताटात जिलेबी वाढली आणि दुसरा विषय काढला.

परत येताना बसमध्ये सून म्हणाली, "खरं बोलल्या तुमी. पण तिथंच कायले बोलल्या?" ती चिडली असेल असं मला वाटलं. पण मूर्तिजापूर मागं पडल्यावर तिनं आपणहून सगळं सांगितलं. तिच्या डोक्यात बारसं नव्हतंच. पुस्तकातलं एक प्रकरण होतं.

ते पुस्तकातलं सगळ्यात मोठं प्रकरण. एकाच हुकुमावर लिहिलेलं, आकृत्या काढून, जीव लावून. आणि तो हुकूम कम्पायलरमधून कधीचाच काढून टाकलेला. आता तो कुठंच नाही, फक्त पुस्तकात आहे. हे प्रकरण लिहिलं होतं कम्पायलर सुरू करणाऱ्या मोठ्या सरांनी. ते आता कंपनीत फार वर आहेत. हिनं ते प्रकरण काढायचं म्हटलं, तर गटप्रमुख म्हणाले, "तेवढं राहू द्या. सरांचं लेखन आहे ते."

"पण सर, तो हुकूमच आता नाही."

"माहीत आहे की. सगळ्यांना माहीत आहे."

"नवीन माणसाला नसेल."

"नवीन माणसाला आपण सांगू."

ती स्वतः नवीन होती आणि तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण हे ती बोलली नाही. प्रकरण काढलं तर गटप्रमुख दुखावणार, आणि तिला गटात घ्यायचं की नाही ते तेच ठरवणार. ठेवलं तर तिच्या नावाच्या पुस्तकात एक मोठं खोटं राहणार, आणि पुढं वाचणारा म्हणणार की हिला एवढंही दिसलं नाही. सहा महिने संपत आले होते.

मला तिची अडचण समजली, कारण आमच्या मळ्यात तेच चालतं. ठिबकचे व्हॉल्व्ह आहेत, त्यांच्याजवळ माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, पत्र्याच्या पाट्या रंगवून रोवल्या होत्या. संत्रा, गुलाब, मोसंबी. मामाजी गेले, संत्र्याची झाडं वाळली, मोसंबी काढली. आता गुलाब लावला आहे तिथं संत्रा लिहिलं आहे, आणि गुलाब लिहिलं आहे तिथं झेंडू. सून लग्न होऊन आली तेव्हा माझ्या नवऱ्यानं तिला गुलाबाचं पाणी सोडायला सांगितलं. तिनं पाटी वाचली आणि सोडलं. तोडणीला आलेला झेंडू चिखलात लोळला.

"गुलाब म्हंजे जिथं संत्रा लिवलं तिथं," नवरा म्हणाला. "एवढं बी समजत नाही?"

"मंग मी रंगवून टाकते ना पाट्या, बाबा."

"बाबाच्या हातचं हाय ते," तो म्हणाला. या घरात तो तिचा बाबा, आणि त्याचे बाबा मामाजी, त्यामुळे तिला समजायला थोडा वेळ लागला. पण समजलं. आमच्याकडे पाटी नमस्कारासाठी असते. पाणी तोंडी निरोपावर जातं.

बारशाहून आल्यावर एक दिवस ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "आई, तुमी काय केलं असतं?"

असं मला कुणी विचारत नाही. माझी फोडणी करपायला आली होती. मी घाईत म्हणाले, "इच्यारलं असतं. मामाजी असते तर त्यायलेच इच्यारलं असतं का पाट्या बदलू का म्हणून. ते गेले. तुहे सर तर आहेत ना?"

"एवढ्या मोठ्या माणसाले असं सरळ कोणी विचारत नाही, आई."

"मंग मले नाही माहीत बापा," म्हणून मी वरणात पाणी ओतलं.

खरं सांगायचं तर मीही विचारलं नसतं. मामाजी होते तोवर मी त्यांच्यापुढं कधी बोलले नाही. चहा झाला हे सांगायला दाराची कडी वाजवायचे. पण दुसऱ्यानं धीर करावा असं सांगायला धीर लागत नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं सरांना निरोप लिहिला. लिहायची, पुसायची, पुन्हा लिहायची. नवरा खाटेवर पेपर वाचत होता. त्याला मी सांगितलं तेव्हा तो पेपरमागूनच म्हणाला, "चालली नोकरी. तुलेच इच्यारलं होतं, नाही?" त्यानंतर मी सुनेच्या चेहऱ्याकडे बघायचंच टाळलं. नोकरी गेली तर ती माझ्या फोडणीपायी गेली असं होणार होतं.

उत्तर आलं तेव्हा ती माझ्याजवळ बसून पाकळ्या गळलेली शेवंती वेगळी काढत होती. सरांनी एवढंच विचारलं होतं, "कोणतं प्रकरण?"

तिनं समजावून लिहिलं. मग दुसरं उत्तर आलं. ते तिनं मला वाचून दाखवलं. "ते अजून आहे? मला वाटलं, केव्हाच काढलं असेल. तो हुकूम चुकीचा होता. मीच काढून टाकला होता. प्रकरणही काढा."

तिनं लॅपटॉप मिटला.

"रागावले का?" मी विचारलं.

"नाही."

"मंग रडून कायले राहिली?"

"रडून नाही राहिली. फुलायची धूळ गेली डोळ्यात."

म्हणजे ज्यांच्या मानासाठी सगळे त्या प्रकरणाला हात लावत नव्हते, त्यांना ते आठवतही नव्हतं. पुढच्या मीटिंगला तिचं कानात घालायचं यंत्र बिघडलं होतं, त्यामुळे गटप्रमुखांचं बोलणं मलाही ऐकू आलं. "मी तर पहिल्यापासून म्हणत होतो, जुनं धरून ठेवण्यात अर्थ नसतो." सून म्हणाली, "हो सर." तिला माझ्यासोबत बसून तेवढं नक्कीच जमायला लागलं होतं.

पुस्तक पूर्ण झालं. सरांनी ते उघडून पाहिलं असावं, कारण त्यांनीच गटप्रमुखांना विचारलं की ही मुलगी कोण. त्यानंतर तिला कम्पायलरच्या गटात घेतलं, आणि कायम केलं. विहीणबाईंनी जठारपेठेत पेढे वाटले, भाषा बनवल्याबद्दल. या वेळी मी काही दुरुस्त केलं नाही. नवऱ्यानं पेढा खाऊन विचारलं, "पुस्तक सरलं ना? मंग आता काय करन ते?"

आता ती आतल्या खोलीत बसते. खऱ्या कामात बोलून पाहायची गरज पडत नाही बहुतेक. मी ओसरीवर एकटीच हार ओवते.

परवा संध्याकाळी ती बाहेर आली ती खुशीत. आपणहून चहा ठेवला. मधल्या भाषेतले दोन हुकूम लागोपाठ यायचे, ते तिनं मोडून एकच केला होता. कम्पायलर आता जास्त जलद चालतो, आणि गटात सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. गटप्रमुखांनीही.

मला बरं वाटलं. काहीतरी बोलावं म्हणून मी विचारलं, "मंग पुस्तकात बी लिवलं का तसं?"

ती चहा गाळत होती. "लिहू ना, आई. एखादा नवीन येऊ द्या गटात, त्यालेच सांगू लिहायले."

माझा कप माझ्यापुढं ठेवून ती स्वतःचा घेऊन आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.