बादलीतलं लिंबू

मी गाव सोडलं तेव्हा कुणी रडलं नव्हतं. वाशीमजवळच्या मालेगावच्या स्टँडवर आईने पिशवीत लिंबं कोंबली, बाबा म्हणाले, "फोन करत जाय," आणि एसटी निघाली. खरं जाणं झालं ते यंदा, सोयाबीन निघाल्यावर, बाबांनी घराला कुलूप लावलं त्या दिवशी. आई आधीच गेलेली, बाबांच्या हृदयाचा त्रास वाढलेला, आणि डॉक्टरांनी एकट्याने राहायला साफ मनाई केलेली. गाडीवाला हॉर्न वाजवत होता आणि बाबा अंगणातल्या दोन लिंबांच्या आळ्यात पाणी सोडून उभे. शेवटी शेजारच्या कमलकाकूंच्या हाती किल्ली दिली आणि मांडीवर रंगाची रिकामी बादली घेऊन गाडीत बसले. रिकामी म्हणजे रंग संपलेली. तिच्यात त्यांतल्याच एका लिंबाच्या फांदीला गुटी बांधून, मुळं फुटल्यावर कापून घेतलेलं कलम होतं.

"हे तिथं जगलं त मीई राहीन," ते म्हणाले. मला वाटलं, चला, मिटलं.

गावाकडच्यांनो, तुम्हाला वाटतं पुण्यात म्हाताऱ्या माणसाची मजा असते. लिफ्ट, गीझर, नातवंडं. बाबा सातव्या मजल्याच्या बाल्कनीत स्टूल टाकून बसायचे आणि बादलीकडे बघायचे. खाली पार्किंग, समोर दुसऱ्या टॉवरचे एसी. कलमाला नवी पालवी फुटली तेव्हा ते वॉचमनला बोलावून वर घेऊन आले. त्या दिवशी पोटभर जेवले.

आमच्याकडे थंडीत लिंबाचं पाणी तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. काळ्या जमिनीत ओल खोलवर असते. झाड महिना-दीड महिना तग धरतं, पानं पिवळी पडतात, थोडी गळतात. मग आळं खणून, शेणखत घालून पाणी सोडायचं, की झाड फुलाने भरून जातं. बाबांनी हे जन्मभर केलं. थंडी पडली तशी त्यांनी फोनवरून कमलकाकूंना पाणी बंद करायला सांगितलं आणि इकडे बादलीचंही तोडलं. मी रोज बाल्कनीत कपडे वाळत घालत होतो. पानं पिवळी पडताना पाहिली आणि मनात म्हटलं, बाबांचा ताण बरोबर बसतोय. वाशीमची दोन माणसं, दोघांनाही सुचलं नाही की बादलीत काळी जमीन नसते. आम्ही भानावर आलो तेव्हा काडी बोटाने मोडत होती.

 बाबांनी बादली उलटी करून धुतली आणि कोपऱ्यात ठेवली. मी म्हटलं, नर्सरीतून दुसरं आणू. त्यांनी ऐकलंच नाही. आठ-दहा दिवसांनी एकदम म्हणाले, "मले गावाले पोचवून दे."

"डॉक्टर काय म्हणाले ते आठवतं ना?"

"डॉक्टरले काय समजते? झाडाईचं पानी सोडायची येळ झाली. आता नाई सोडलं त दोन्ही झाडं जातीन. तुह्या मायनं लावले हायेत ते."

मी चिडलो. भीतीने चिडलो, हे आता कळतं. तिथे अपरात्री छातीत दुखलं तर वाशीमपर्यंत कोण नेणार? पण झाडांचा प्रश्न तरी सोडवू, म्हणून कमलकाकूंना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"पानी?" काकू म्हणाल्या. "ते त म्या कवाच सोडलं. आळे खंदले, खत टाकलं. पह्यलं पानी हलकं, मंग दांडगं. फुलावर आले ना झाडं! भाऊजीले सांग, काई काळजी करू नोका म्हना."

मी हसून बाबांकडे पाहिलं. सुटलो, असंच वाटलं होतं मला. 

"बरं झालं," बाबा म्हणाले, "मंग माह्यं काय काम राह्यलं तिथं?"

त्यानंतर गावाला जायचं नाव त्यांनी काढलं नाही. डॉक्टर खूश आहेत, बीपी ताब्यात आहे. नातेवाइकांचे फोन येतात, "बाबा रुळले का?" मी हो म्हणतो. ते सकाळी उठून अंथरुणाची घडी करतात, पाहुण्यासारखी, आणि सोफ्याच्या कडेला बसतात.

माझ्यासारखे जे बाहेर पडले, त्यांनी मनाशी एक धरून ठेवलेलं असतं: आपण कुठेही असलो तरी घर मागे आहे. मीही इतकी वर्षं त्याच भरवशावर इथे काढली. आता तिथे कुलूप आहे आणि इथे फ्लॅटचे हप्ते माझ्या नावाचे आहेत, पण ह्याला घर म्हणायला जीभ रेटत नाही. ज्या माणसाच्या घरात मी दप्तर फेकून, न विचारता माठात तांब्या बुडवला, तो माणूस काल फ्रीजपाशी उभा राहून माझ्या बायकोला विचारत होता, "सूनबाई, पानी घेऊ का?"