चिलखतावरचं कुंकू

आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली, आणि ती पदवी चित्रकलेची. हे मी मान वर करूनच सांगते. पण पदवीनंतर मी अमरावतीच्या खोलीवर बसून पाचशे वर्षांपूर्वीच्या इटलीतल्या सरदाराचं चिलखत बनवत होते, हे नांदगाव खंडेश्वरला बाबांना पटवणं कठीण होतं.

"शिकूनसवरून डबे घालून हिंडते का कोनी?"

"डबे नाही बाबा, फोम आहे."

"मंग तं पहिल्याच लढाईत मेली तू."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अकोल्याला, जठारपेठेतल्या एका हॉलमध्ये, कॉमिक्स आणि ॲनिमेवाल्या पोरांचा मेळा होता. त्यात वेशभूषेची स्पर्धा. बाबांशी ठरलं होतं: नंबर आला तर वर्षभर हेच काम करायचं, नाही तर बँकेच्या परीक्षेचा क्लास लावायचा.

दसऱ्याला सकाळी चिलखत घरी आणलं, ओसरीत ठेवलं आणि आंघोळीला गेले. बाहेर येऊन बघते तर वखर, डवरा, फवारणीचा पंप, बाबांची मोटरसायकल असं सगळं ओळीनं मांडलेलं, आणि शेवटी माझं चिलखत. छातीवर हळदीची बोटं, मधोमध ओलं कुंकू, वर झेंडूचं फूल. चंदेरी रंग अजून कच्चा होता. कुंकू त्यात मुरलं होतं.

"माय, काय केलं व हे!"

"काय केलं म्हंजे? दसरा हाये. ज्याच्यावर पोट भरा लागते त्याची पूजा करतो आपन. तुह्यंच काहून सोडू?"

पुसायला गेले तर रंगच निघायला लागला. तसंच गुंडाळलं. दुसऱ्या दिवशी अकोल्याच्या बसमध्ये रडू येत होतं. मध्येच लक्षात आलं, बाबांनी ठरवायच्या आधीच मायनं माझं काम वखर-पंपाच्या ओळीत बसवलं होतं.

हॉलमध्ये निळ्या केसांचे पोट्टे, कोरियन गाण्यांवर नाचणाऱ्या पोरी. परीक्षक होत्या कलेचा इतिहास शिकवणाऱ्या एक बाई. चष्मा वर सरकवून त्या माझ्या छातीपाशी वाकल्या.

"हे काय आहे?"

"काल दसरा होता. मायनं पूजा केली."

मागं कोणी तरी फिसकन हसलं. बाई नाही हसल्या.

"इटलीतल्या त्या सरदारांच्याही चिलखतांवर मेरीची, संतांची चित्रं कोरलेली असायची. पोरगा लढाईला निघाला की त्यांच्याही आयांना भीती वाटतच असेल. पुसू नको हे."

निकाल लागल्यावर हातमोजाही न काढता फोन लावला.

"बाबा, दुसरा आला."

"पयला कोनाचा?"

"एका पंखवाल्या राक्षसाचा."

"मंग ठीक हाये. राक्षसापुढं कोनाचं चालते?" मग फोन तोंडापासून दूर धरून ओरडले, "अवं, क्लास लावा लागत नाही इले!"

मी हॉलच्या पायरीवरच बसले. गुडघ्याची पाती कुरकुरली. आत घामानं अंग चिंब झालं होतं, पण चिलखत काढावंसं वाटेना.