अव्रामच्या घरी विस्तवाला मज्जाव

अव्राम बुचुमानने लुपेनीच्या कोळसाखाणीत सव्वीस वर्षं स्फोटक वायू तपासण्याचं काम केलं. इथे वायू साचलाय असं तो म्हणाला, की मुकादमसुद्धा निमूट माणसं वर काढायचा. पुढे खाणीच्या धुळीनेच त्याची फुप्फुसं खाल्ली. दवाखान्यातून तो घरी आला तो प्राणवायूचं यंत्र, लांबलचक नळी आणि वीज गेली तर लागणारा सिलिंडर घेऊन. मी समोरच्याच घरात राहते. सामान वर चढवायला मीही होते.

आम्हाला वाटलं, आता हा खचणार. पण त्याने पहिल्याच दिवशी गॅस बंद करून बायकोला, सावेताला, विजेची शेगडी आणायला लावली. हवा खेळावी म्हणून यंत्र भिंतीपासून हातभर पुढे ठेवलं, सिलिंडर पट्ट्याने उभा बांधला. नाक कोरडं पडतं म्हणून सावेताने तेलकट मलम आणलं, तर तेल प्राणवायूत झटकन पेट घेतं म्हणून तेही परत पाठवलं. डॉक्टरांनी यंत्रावर लावून दिलेला प्राणवायूचा आकडा त्याने कधी स्वतः वाढवला नाही. दम लागला की नर्सला फोन करायचा.

ईस्टरच्या सकाळी सावेताचा धाकटा भाऊ ग्लिगोर चर्चमधली पेटती मेणबत्ती तळहाताच्या आडोशाने जपत चार मजले चढून आला. ती ज्योत घरात न्यायची आमची रीत. अव्राम आतूनच म्हणाला, "तिथेच थांब."

"दाजी, देवाची ज्योत आहे ही. हिला दार बंद?"

"देवाची म्हणून जाळायची थांबेल का? माझ्या सदऱ्यात, चादरीत प्राणवायू मुरलाय. तो स्वतः पेटत नाही, पण ठिणगीचा वणवा करतो. खाणीत मी सख्ख्या बापालाही पेटती विडी घेऊन उतरू दिलं नसतं."

ग्लिगोरचा चेहरा उतरला. मी मेणबत्ती घेऊन माझ्या खिडकीत ठेवली. त्याने खिशातला लायटरही माझ्याकडे दिला, कुणी न सांगता. मग दोघं ईस्टरच्या रिवाजाप्रमाणे लाल रंगवलेली अंडी एकमेकांच्या अंड्यावर आपटत बसले आणि अव्रामने त्याची तीन फोडली.

हल्ली घरी प्राणवायू लागणाऱ्या नव्या रुग्णांना नर्स आधी अव्रामकडे शिकायला पाठवते. परवा एक निवृत्त मास्तर आले. सिगारेट सोडलीत का, असं त्याने विचारलं. कमी केली, मास्तर म्हणाले.

"म्हणजे सोडली नाहीत. काढा पाकीट."

मास्तरांनी मुकाट्याने काढून दिलं.