आक्का आणि तीन सेकंद

कुणाचाही कोड वाचायला घेतला की आक्का चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि म्हणायच्या, “दाखवा, काय घाण केलीय.” चाकणच्या आमच्या छोट्या कंपनीत प्रोग्रॅमिंगमध्ये सगळ्यांत जुन्या त्याच. मला ‘काय साहेब’ म्हणायच्या. त्यातल्या साहेबाला काडीचा मान नसे.

त्यांचे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेसवर होते. “बाबा दहाही बोटं घेऊन रिटायर झाले,” हे त्या एखादी पदवी सांगावी तसं सांगायच्या.

आम्ही टाक्यांची गळती तपासणारं मशीन बनवत होतो. टाकी तपासायच्या जागा, म्हणजे स्टेशनं, आठ. मुख्य प्रोग्रॅम सी भाषेत, पण प्रत्येक स्टेशनचं काम आक्कांनी लुआ नावाच्या छोट्या भाषेतल्या एकेका कोरूटीनवर, म्हणजे पाळीपाळीनं चालणाऱ्या तुकड्यावर, सोपवलं होतं. ही कामं खरं तर एकदम चालत नाहीत; एकानं आपणहून पाळी सोडली की दुसरं पुढे सरकतं. “एक जरी अडून बसला तरी सातजण उपाशी,” असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

टाकीत दाब बसेपर्यंत थांबायचं फंक्शन माझ्याकडे होतं. पाळी सोडायची कटकट नको म्हणून मी सीमध्ये सरळ तीन सेकंदांची झोप घातली, म्हणजे तेवढा वेळ अख्खा प्रोग्रॅमच ठप्प. टेबलावर एक स्टेशन मस्त चाललं.

“आठही चालवून बघितलीस?” आक्कांनी विचारलं.

“हो,” मी म्हणालो. बघितली नव्हती.

ग्राहकाच्या कारखान्यात शेखभाई नावाचे ऑपरेटर होते. ते तिरकी बसलेली टाकी सरळ करत असताना ती दाबून धरणारा क्लॅम्प खाली येऊ लागला. त्यांनी दुसऱ्या हातानं स्क्रीनवरचं ‘थांबा’ दाबलं. त्याच क्षणी दुसरं कुठलं तरी स्टेशन माझ्या फंक्शनमध्ये झोपलेलं. शेखभाईंची दोन बोटं गेली.

आमच्या मालकांनी अहवाल तयारच ठेवला होता: ऑपरेटरचा निष्काळजीपणा. आक्कांनी सही नाकारली. “मशीन तीन सेकंद बहिरं होतं. लॉगमध्ये दिसतंय.”

मालक माझ्याकडे वळले. “तू लिहिलंयस ना? बोल.”

“त्यांनी हात घालायला नको होता,” मी म्हणालो.

आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. रस्त्यात काही पडलेलं दिसावं आणि चप्पल जपून पुढे टाकावी, तसं. मग जागेवर जाऊन त्यांनी माझं फंक्शन पुसलं. नवं फंक्शन थांबायची वेळ आली की पाळी सोडत होतं आणि वेळ झाली की मुख्य प्रोग्रॅम त्याला पुन्हा उठवत होता. आठही स्टेशनं चालवून, प्रत्येकावर ‘थांबा’ दाबून दाखवलं. संध्याकाळी राजीनामा दिला.

शेखभाईंचं काम सुटलं. आता ते रहाटणीत मेहुण्याच्या गॅरेजात बसतात, असं कळलं. मला बढती मिळाली.

वर्षभरानं मी आक्कांना फोन केला. त्या तळेगावला नव्या नोकरीत होत्या. मी भडाभडा बोललो: चुकलो, झोप लागत नाही, माफ करा.

“शेखभाईंना भेटलास?”

“नाही अजून.”

“मग मला कशाला सांगतोयस, साहेब?” म्हणाल्या आणि फोन ठेवला.

रहाटणी माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर आहे. मी अजून गेलेलो नाही.