कार्डासाठी दिघी ते उरण

दिघीच्या धक्क्यावर पोचले तेव्हा जंगलजेटी (गाड्या आणि माणसं एकदम नेणारी सपाट बोट) सुटायच्या बेतात होती. सॅकमध्ये स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च, घरून घेतलेली नवी केबल आणि दोन पोळ्या होत्या. मी शिकवते त्या शाळेत रजा टाकून निघाले होते उरणला, एक जुनं ग्राफिक्स कार्ड विकत घ्यायला. गेम खेळताना पडद्यावर चित्र उमटवतो तो कॉम्प्युटरचा भाग म्हणजे हे कार्ड.

गेम माझा नव्हे, अण्णांचा. अण्णा म्हणजे माझे वडील, सारी नोकरी एसटी चालवण्यात गेली. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला आणि डावा हात लुळा पडला. मग मी त्यांना ट्रक चालवायचा गेम आणि टेबलाला लावायचं स्टिअरिंग आणून दिलं. हळूहळू तो हात चाकावर यायला लागला. महिन्यापूर्वी कार्ड जळलं आणि हात परत मांडीवर जाऊन बसला. बोलणंही कमी झालं.

एक कार्ड ऑनलाइन मागवून मी फसले होते. खोक्यावर एक नाव, आत दुसरंच जुनाट कार्ड. तेव्हापासून माझा कुणावर विश्वास राहिला नव्हता.

आगरदांड्याला उतरून मुरूड, तिथून बसने अलिबाग. डाव्या हाताला सुरूची झाडं आणि त्यांच्यामागे समुद्र सारखा लपत-दिसत होता. अलिबागला एका दुकानात सहज डोकावले. आमच्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय लहान, त्यामुळे कमी वीज खाणारंच कार्ड हवं होतं. दुकानदाराने लगेच एक पुढे केलं. "मॅडम, एकदम नवीन. सील फोडून देतो."

मी कार्डाच्या पंख्याच्या पात्यांमागे टॉर्च मारला. आत धुळीचा थर होता.

"नवीन कार्डात धूळ कशी?"

"गोडाऊनची असेल," तो म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

तिथून रेवस. ओहोटीमुळे खाडीपलीकडे करंजाला जाणारी लाँच खोळंबली होती, धक्क्याखाली नुसता चिखल. भजी खात बसले होते, तोवर उरणच्या ज्योत्स्नाचा मेसेज आला. कार्ड विकणारी हीच. आधी ती करंजा धक्क्यावर भेटणार होती, मग म्हणाली उरणचा स्टँड, आता म्हणत होती, घरीच या. माझ्या मनात पाल चुकचुकली. माणूस जागा का बदलतो? परत फिरावं असं दोनदा वाटलं. तेवढ्यात पाणी चढलं आणि लाँच लागली.

करंजाहून रिक्षाने तिच्या गावात गेले. एका बाजूला मिठागरं, दुसऱ्या बाजूला कंटेनरच्या ट्रेलरांची रांग. ज्योत्स्ना तिशीतली, हळदी-लग्नांचे व्हिडिओ एडिट करणारी. तिने दारातच मला थांबवलं.

"बॅग बाहेर ठेवा, ताई."

"का?"

"ठेवा म्हटलं ना."

तिची आई चहा घेऊन आली. मी कप हातात धरला, प्यायले मात्र नाही. कॉम्प्युटर उघडाच होता, आत कार्ड बसवलेलं. टॉर्च लावला तर एका स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा ठिपका. म्हणजे कार्ड खोलून दुरुस्त केलंय आणि खूण झाकलीय, असं मी मनात पक्कं केलं. "चालवून दाखवा," एवढंच म्हटलं.

गेम सुरू झाला. चित्र स्वच्छ होतं, पंख्याचा आवाजही बारीक. दहा मिनिटं झाली आणि पडदा एकदम काळा पडला. कॉम्प्युटर मात्र घरघरत होता.

मी उठलेच. "कार्ड गेलेलं आहे. तुम्हाला माहीत होतं. म्हणून जागा बदलत होतात आणि म्हणूनच हा ठिपका!"

ज्योत्स्नाचा चेहरा उतरला. तेवढ्यात आतून आई ओरडली, "बाय गो, मिक्सर बंद परला. लाईट गेली!"

मी वर पाहिलं. छताचा पंखा मंदावत थांबत होता. कॉम्प्युटर यूपीएसच्या बॅटरीवर होता म्हणून चालू राहिला, पडद्याची वायर मात्र साध्या प्लगमध्ये. बस, एवढंच. मला मान वर करवेना.

"तुम्ही मना चोर ठरवलात," ज्योत्स्ना शांतपणे म्हणाली. "मागच्या महिन्यात एक जण असंच दुसरं कार्ड बघायला आला. बॅगेतून मेलेलं कार्ड काढून इथे ठेवलं आणि माझं घेऊन गेला. तेव्हापासून मी खूण करते. तो ठिपका त्यासाठी. आणि धक्क्यावर एकटी नको म्हणून आई म्हणाली, घरीच बोलाव."

मी माफी मागितली, अण्णांचं सगळं सांगितलं.

"त्यानं पण आईचं आजारपण सांगितलं होतं," ती म्हणाली. "लावा व्हिडिओ कॉल."

मी लावला. अण्णांचा अर्धा चेहरा आणि छत दिसलं.

"काका, गेममध्ये काय चालवता?"

"ट्रेलर," अण्णा तुटक बोलले.

"मग सांगा, ट्रेलरची मागची बाजू रिव्हर्समध्ये उजवीकडं न्यायची तर स्टिअरिंग कुठं?"

अण्णांनी उजवा हात हवेतच वळवून पाहिला. मग म्हणाले, "आधी डावीकडं. पण थोडंच. जास्त मारलं तर ट्रक नि ट्रेलरची घडी होते." आणि महिन्याभरात पहिल्यांदा त्यांनी स्वतःहून विचारलं, "तुला कुणी शिकवलं गं?"

"माझे बाबा बंदरावर ट्रेलर चालवतात. लहानपणी केबिनमध्येच बसायचे मी."

मग दोघं पाचेक मिनिटं ट्रेलरच्या ब्रेकबद्दल बोलत राहिली आणि मी तिथे असून नसल्यासारखी. लाईट आल्यावर तिने गेम तासभर चालवून दाखवला. आईने तांदळाची भाकरी आणि जवला (बारीक सुकी कोलंबी) वाढला. या वेळी मी ताट चाटूनपुसून संपवलं. कार्ड तिने जुन्या मऊ ओढणीत गुंडाळून दिलं.

अलिबागला मैत्रिणीकडे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी घरी पोचले. वाटेत विचार करत होते, अलिबागच्या दुकानात माझा संशय उपयोगी पडला, उरणात त्यानेच मला तोंडघशी पाडलं. कुठे थांबायचं ते त्याला कळत नाही. ते आपल्यालाच कळावं लागतं.

कार्ड बसवलं, रस्ता पडद्यावर आला. अण्णांनी उजव्या हाताने डावा हात उचलून चाकावर ठेवला. बोटं सावकाश आवळली.

"नीट बघून घेतलंस ना?" त्यांनी विचारलं.

"नाही अण्णा," मी म्हटलं, "तिनेच आपल्याला नीट बघून घेतलं."